माझी मेजाची तयारी

१ जानेवारी, मंगळवार

नवं वर्ष. रिकाने काल तळलेले मनुकांचे गोळे, आमचे ओली-बोलेन, अजून पोटात जड आहेत. किती खाल्ले ते मोजलं नाही. खाण्यात संयम आजपासून. म्हणजे डब्यात उरलेत ते संपले की. अन्न टाकणं हेही पापच.

यंदाचा मोठा संकल्प: मार्चमध्ये मी प्रभूच्या मेजाशी जाऊन बसणार. ठरलं. खरं तर मी ठरवणारा कोण, ते जग निर्माण व्हायच्या आधीच ठरलेलं आहे. मी फक्त मार्च म्हणतोय.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सातशे माणसं. प्रभुभोजनाच्या रविवारी पुढे पांढऱ्या कापडाचं लांब मेज लागतं आणि उठून जातात ती पंचवीस-तीस, तीही बहुतेक म्हातारी. बाकीचे आम्ही बाकांवर बसून बघतो. उठणं म्हणजे सगळ्या गावासमोर सांगणं, की देवाने मला निवडलंय आणि मला त्याची खूण पटली आहे. नको तो माणूस उठला तर भाकरीबरोबर स्वतःची शिक्षाही खातो, असं लहानपणापासून ऐकत आलो. म्हणून घाई करू नये. मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे. मरिनस फोगलारने घाई केली असं कोणी म्हणणार नाही.

रिकाला इतक्यात सांगत नाही. बायको म्हणून उत्तम आहे, पण भांडी घासताना गुणगुणते, उपदेशात पेंगते, आणि पेपरमिंट चघळायच्या ऐवजी कडकड फोडते. तिच्यावर एकदम भार नको.

६ जानेवारी, रविवार

पाळकांच्या उपदेशाचा विषय: ज्याची निवड झाली त्याने पवित्र जगावं, म्हणजे निवड झाल्याचं त्यालाही कळतं. बोलताना तीन वेळा माझ्याकडे बघितलं. बाहेर आल्यावर वाउटरला सांगितलं. वाउटर हा रिकाचा भाऊ, टायरचं दुकान चालवतो आणि कुठल्याच गोष्टीला गंभीरपणे घेत नाही. म्हणाला, "दाजी, ते घड्याळाकडे बघत होते. बरोब्बर तुमच्या डोक्यावर टांगलंय."

असल्या माणसासाठी प्रार्थना करणे.

८ जानेवारी, मंगळवार

पवित्र जीवनाची सुरुवात. पहाटे उठून तासभर बायबलचं वचन वाचन. आज गजर वाजला, पण बाहेर इतकं अंधारलेलं होतं की दिवा लावून रिकाची झोप मोडणं प्रेमाला धरून झालं नसतं. अंथरुणातच मनन केलं. उठलो तेव्हा ती बाजूला नव्हती. खाली स्वयंपाकघरात दिवा न लावता बसली होती. पाठ दुखत असेल. गादी बदलायला हवी.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करून ठेवतो. हे सगळं मी पुण्य जोडायला करत नाही. आपल्या कर्माने कोणी निवडला जात नाही, हे मला मंडळीतल्या कोणाहीपेक्षा जास्त स्वच्छ कळतं. मी करतोय ती फळं. झाड आधी, फळ नंतर. फक्त मार्चच्या आत थोडी फळं दिसलेली बरी.

१४ जानेवारी, सोमवार

हॉकी सोडली. टीव्ही आमच्याकडे कधीच नव्हता, पण व्हॅनच्या रेडिओवर बर्फावरच्या हॉकीचे सामने ऐकायची खोड होती. मुळापासून उपटली.

१६ जानेवारी, बुधवार

जेवणानंतर व्हॅनचा हीटर तपासायला घरासमोरच्या ड्राइव्हवेत जाऊन बसलो. हीटर घरघरतो का ते कळायला दुसरा एखादा आवाज लावून तुलना करावी लागते. सामन्याचा तिसरा, शेवटचा पिरियड संपेपर्यंत हीटर ठीक चालला. आपण हरलो. जगाच्या सुखात सुख नाही म्हणतात ते हेच.

२० जानेवारी, रविवार

बाहेर उणे बावीस. सकाळ-संध्याकाळच्या उपासनांच्या मध्ये शेजारच्या मिसेस परेरांचा फोन. घर गरम ठेवणारी फर्नेस बंद पडली. त्या कॅथलिक आहेत, त्यांना रविवारच्या विश्रांतीचं काय. फर्नेसचा धंदा मी इतकी वर्षं करतोय आणि रविवारी पाना हातात धरत नाही हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. आता, गरजेचं आणि दयेचं काम रविवारी चालतं, हे मलाही कळतं. पण मी विचार केला की त्यांच्याकडे रजया आहेत. रजया आहेत म्हटल्यावर गरज कुठे राहिली? नम्रपणे नाही म्हटलं. मोहावर जय मिळाल्याचं समाधान फार वेगळं असतं.

थोडी झोप काढून खाली आलो तर मिसेस परेरा आमच्याच स्वयंपाकघरात, रिकाचा जाड गाऊन घालून, वाटाण्याचं सूप पीत होत्या. रिका त्यांना कधी घेऊन आली कळलंसुद्धा नाही.  त्यांच्या आत्म्यासाठी एक स्तोत्र वाचून दाखवलं, त्यातल्या त्यात लांबलचक. त्या म्हणाल्या, "वाचता छान हो. पण फर्नेसचं उद्या किती वाजता?"

रिका सिंककडे तोंड करून हसत होती. रविवारचं हसणं: ह्या विषयावर तिच्याशी बोलणे.

५ फेब्रुवारी, मंगळवार

आज आमची घरभेट. वर्षातून एकदा मंडळीचे दोन एल्डर, म्हणजे वडीलधारे पुढारी, घरी येतात आणि आत्म्याचं कसं काय चाललंय ते विचारतात. एल्डर कोयमन आणि त्यांच्याबरोबरचे ते दुसरे, जे कधी बोलत नाहीत. कोयमन ऐंशीच्या घरात; गाई विकल्या, आता मंडळीतल्या माणसांवर लक्ष. रिकाने कॉफी आणि लोण्याचा केक ठेवला.

मी माझ्या पाचारणाची, म्हणजे देवाने मला बोलावल्याची, हकिगत सांगितली: बेसमेंटमध्ये पाणी शिरलं, फर्नेसची ज्योत विझली, मी गुडघ्यांवर आलो, आणि कोणी काडी न लावता ज्योत आपोआप पेटली.  एल्डर कोयमन म्हणाले, "मागच्या वर्षी सांगितलीस तेव्हा काडी तूच लावली होतीस."

वयाने स्मरणशक्ती जाते. प्रार्थनेत घेणे.

मग रिकाकडे वळले. तुझं काय, रिका? ती बशीकडे बघत म्हणाली, "मला काही सांगता येत नाही, एल्डर. मी वाईट आहे, हे मात्र आता दिसतं. पूर्वी नुसतं म्हणायचे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चौतीस वर्षं मी हिच्यासमोर रोज वचन वाचतोय आणि ही एल्डरांसमोर एवढंच बोलते! लगेच सावरून घेतलं. म्हटलं, तिची वाढ हळू आहे, पण मी लक्ष घालतोय. कोयमन चष्मा पुसत बसले. बराच वेळ पुसला. त्यांना माझी कीव आली असावी.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

रिकामध्ये जिज्ञासा जागी होतेय. संध्याकाळी विणकाम बाजूला ठेवून म्हणाली, "मरिनस, तुला कधी भीती वाटते का रे?" कसली, म्हटलं. म्हणाली, "आपल्याला बोलावलंय आणि आपणच जात नाही आहोत, ह्याची."

तिचा गोंधळ कुठे होतोय ते मला झटक्यात दिसलं. जुन्या पाकिटाच्या पाठीवर आकृती काढली. वर देवाचा अनादि निर्णय, खाली माणूस, मध्ये बाण. बाण फक्त वरून खाली येतात. कोणाला आणि कधी, हे आपण विचारायचं नाही. वाट बघायची आणि फळं तपासायची. जवळजवळ तासभर समजावलं. मध्ये एकदा ती "पण मरिनस" म्हणाली, तेही धरून पुढे गेलो. शेवटी तिचे डोळे भरून आले. विषय पोचला.

नंतर भांडी घासताना गुणगुणली नाही. परिणाम दिसतोय.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

महत्त्वाचं! दुपारी पानाच विसरलो म्हणून घरी आलो, तर ओट्यावर दोन कप पालथे. कोण आलं होतं? रिका म्हणाली, एल्डर कोयमन. का? म्हणाली, "बोलायला." काय बोलायला? "असंच."

मला न कळायला मी काय दूधखुळा आहे? कोणी मेजाशी यायचं म्हटलं की एल्डर आधी त्याच्या घरी, त्याच्या माणसांत, हळूच चौकशी करतात. घरात राग राग करतो का, शब्द पाळतो का. बायकोला विचारतात, कारण बायकोला सगळं माहीत. आणि बायकोने नवऱ्याला सांगायचं नसतं. म्हणून "असंच". शाबास रिका! इतकं मोठं गुपित तिने पचवलं.

म्हणजे मी काही न बोलताच त्यांना दिसलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला.

आजपासून घरात आवाज चढवायचा नाही.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

आवाज चढला. व्हॅनमध्ये सांडलेल्या कॉफीबद्दल. कॉफी मीच सांडली होती, पण कपाचं झाकण तिने लावलं होतं. नंतर क्षमा मागितली, जरा मोठ्याने, कारण एल्डर पुन्हा येतील तेव्हा तिला आठवायला हवं. ती म्हणाली, "असू दे रे," आणि खिडकीबाहेर बघत राहिली. तिचं लक्ष आजकाल कुठे असतं कळत नाही.

२३ फेब्रुवारी, शनिवार

उद्याचे बटाटे रिका आज सोलत होती, नेहमीसारखे, रविवारी चाकू लागू नये म्हणून. सोलता सोलता रडत होती. कांदे नव्हते, बटाटेच होते. मी दारातच थांबलो आणि मागे फिरलो. नवऱ्यावर देवाची एवढी कृपा होतेय हे तिला पेलत नसणार. किती हळव्या मनाची आहे! मी तिला कमी लेखत होतो.

शिवाय नवी हॅट आणली आहे. काळी, साधी, कडेला रिबिनसुद्धा नाही. जुनीला काय झालं, विचारलं. म्हणाली, जुनीवर फुलं आहेत. माझ्या त्या दिवशी बाकावर माझ्याशेजारी ती नीटनेटकी दिसावी, एवढा विचार तिने केलाय. मनात फार भरून आलं. तिच्या पाठीवर हात ठेवला. ती दचकली.

३ मार्च, रविवार

आज तयारीचा उपदेश. पुढच्या रविवारी मेज. पाळक म्हणाले, ह्या आठवड्यात ज्याने त्याने स्वतःला तपासावं. मी तपासलं. घरी येईपर्यंत झालं.

एकच अडचण. एल्डर कोयमननी मला अजून काही विचारलेलं नाही. ज्याला यायचंय त्याने त्यांच्याशी बोलावं अशी रीत आहे. पण आपण होऊन सांगायला जाणं म्हणजे स्वतःला पुढे करणं. ते वाट बघत असणार माझ्या नम्रतेची, आणि मी वाट बघतोय त्यांच्या विचारण्याची. ह्यात कोणीतरी हरायला हवं. मी नाही.

६ मार्च, बुधवार

फर्नेस दुरुस्तीला गेलो तिथे कोणी नव्हतं, तेव्हा बेसमेंटमध्ये उठून उभं राहायचा सराव केला. फार झटकन उठलं तर गर्व दिसतो, फार सावकाश उठलं तर गुडघे दुखतायत असं वाटतं. चेहरा कसा ठेवायचा हाही प्रश्न आहे. आनंदी नको. दुःखीही नको. काल आरशात एक चेहरा जमला होता, पण रिका अचानक आत आली आणि विचारलं, "दात दुखतोय का?"

७ मार्च, गुरुवार

वाउटरच्या दुकानात गेलो होतो. त्याने हात पुसले. म्हणाला, "दाजी, रविवारी पाय लांब करून बसू नका हं." त्याची चेष्टा सोडून दिली. बाकावर मी ह्या वेळी कडेची जागा धरणार आहे, म्हणजे उठताना कोणाला त्रास नको.

९ मार्च, शनिवार

सूट इस्त्री केला. बूट पुसले. रिकाने माझे बूट पुसताना स्वतःचेही पुसले, दोनदा. उन्हाळी वेळेसाठी घड्याळं तासभर पुढे करायचा दिवस आजच यावा! म्हणजे झोप तासाने कमी.

जेवताना मी म्हटलं, उद्या काही वेगळं घडलं तर घाबरू नकोस. तिच्या हातातला काटा थांबला. म्हणाली, "तुला माहीत आहे?" मी म्हटलं, मला सगळं माहीत आहे, रिका. ती उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि माझ्या केसांवर ओठ टेकवले. लग्नाला चौतीस वर्षं झाली. असं तिने जेवणाच्या मध्ये कधी केलं नव्हतं.

उद्या मी उठणार.

१० मार्च, रविवार. दुपारी

उठलो नाही. रिका उठली.

१० मार्च, रविवार. संध्याकाळी

संध्याकाळच्या उपासनेला डोकं दुखतंय सांगून गेलो नाही. खरंच दुखतंय.

लिहून काढतो. प्रभुभोजनाच्या विधीचा फॉर्म वाचून झाला, मेजावरचं कापड उचललं, भाकर आणि प्याले दिसले. पाळक म्हणाले, जे भुकेले आहेत त्यांनी यावं. स्तोत्र सुरू झालं, आमचं संथ, एकेक सूर श्वासभर लांब. मी मनात म्हटलं, दुसऱ्या ओळीला. दुसरी ओळ आली. म्हटलं, कडव्याच्या शेवटी, शेवट जास्त शोभतो. तेवढ्यात रिकाने पर्स माझ्या मांडीवर ठेवली. मला वाटलं पेपरमिंट देतेय. मी हात पुढे केला. आणि ती उभी राहिली.

मी कडेला बसलेलो. तिला जायला वाट माझ्यावरूनच. ती थांबून राहिली, माझ्याकडे बघितलं. मी पाय आत घेतले. दुसरं काय करणार होतो? ती गेली. त्या बिनरिबिनीच्या हॅटमध्ये, खाली मान घालून, सातशे माणसांच्या मधून, जाऊन म्हाताऱ्यांच्या मध्ये बसली.

अजून वेळ होती. पहिल्या मेजानंतर दुसरं मेज लागतं. मी उठू शकलो असतो. पण लोक काय म्हणाले असते? फोगलार बायकोचा पदर धरून मेजाशी गेला. मांडीवर पर्स घेऊन बसलो. बकल सोन्यासारखं चमकत होतं. माझ्या मागच्या बाकावर कोणीतरी पेपरमिंट कडकड फोडलं.

ती परत आली तेव्हा मी पुन्हा पाय आत घेतले.

११ मार्च, सोमवार

माझा केसाने गळा कापला. दुसरा शब्द नाही. चौतीस वर्षं एका ताटात जेवलो, आणि ही आतल्या आत देवाशी असं काही बोलत होती, आणि मला पत्ता नाही! दुसरा पुरुष असता तर एक वेळ समजलं असतं. त्याच्याशी भांडता येतं.

आणि मी? मी एवढी फळं आणली! हॉकी सोडली, जवळजवळ. पहाटे उठलो, मनाने. हिने काय केलं? बटाटे सोलले.

रिकाशी बोलत नाही. रागाने नाही. तिला विचार करायला वेळ देतोय.

१३ मार्च, बुधवार

एल्डर कोयमनकडे गेलो. सरळ विचारलं, तुम्हाला माहीत होतं ना? म्हणाले, "हो. दोन महिने ती रडतेय. बोलायला यायची, कधी मी जायचो." म्हटलं, एल्डर, मी तिचा नवरा आहे, घरातला कर्ता, आत्म्याच्या बाबतीत आधी मला सांगायला नको? म्हणाले, "मी तिला तेच म्हटलं. आधी मरिनसला सांग. म्हणाली, प्रयत्न करून झाला."

मी म्हटलं, हा अन्याय आहे. देवाने कोणाला निवडावं ते मी म्हणत नाही, पण काही रीत असते.  म्हातारा म्हणाला, "मरिनस, मी दर वर्षी तुझ्या घरी येतो आणि दर वर्षी तू मला तुझ्याबद्दल सांगतोस. एखाद्या वर्षी त्याच्याबद्दल सांग की."

विषयांतर करतात. उत्तर सुचलं नाही की वयस्कर माणसं असंच करतात. त्यांनी केक दिला. खाल्ला नाही. एक तुकडा खाल्ला.

१४ मार्च, गुरुवार

वाउटरलाही माहीत होतं. त्यानेच सांगितलं, टायर बदलता बदलता. "दाजी, तिने मला फेब्रुवारीतच सांगितलं. म्हणून तर पाय लांब करू नका म्हटलं." सगळ्या गावाला माहीत, फक्त नवऱ्याला नाही. म्हटलं, वाउटर, तू स्वतः मेजाशी जात नाहीस, चेष्टा करत हिंडतोस, तिने तुला का सांगितलं? तो पहिल्यांदाच चेष्टा न करता बोलला. म्हणाला, "कारण मी म्हटलं, मला त्यातलं काही कळत नाही ताई, तूच सांग."

त्याचे टायरसुद्धा मला आवडले नाहीत.

१५ मार्च, शुक्रवार

संकल्प: जूनच्या मेजाशी मी जाणारच, आणि तिला आधी कळू देणार नाही.

हॉकी ऐकली. हीटर बंदच ठेवला. तपासण्याची सबब काढायचाही कंटाळा आला.

१६ मार्च, शनिवार

शेवटी बोललो. ती उद्याचे बटाटे सोलत होती. म्हटलं, तू मला सांगितलं नाहीस. ती म्हणाली, "मला वाटलं तुला कळलंय. त्या रात्री म्हणालास ना, सगळं माहीत आहे. मला इतकं हलकं वाटलं होतं, मरिनस."  म्हटलं, त्याच्या आधी तरी सांगायचं होतंस. म्हणाली, "सांगायला घेतलं होतं. तू समजावून सांगायला लागलास."

मी म्हटलं, बरं, तुझी खात्री कशी पटली ते तरी सांग. कुठली खूण? कोणतं वचन? कुठल्या दिवशी? मला खरंच जाणून घ्यायचं होतं. म्हणजे तुलना करायची होती. ती म्हणाली, "खूण वगैरे काही नाही रे. माझ्याजवळ काहीच नव्हतं. पाळक म्हणाले भुकेल्यांनी या. मला भूक लागली होती."

भूक! भूक तर मलाही लागते. पण मी आधी पात्रता तपासतो. मी म्हटलं, रिका, भूक हा मूळ सिद्धांताच्या दृष्टीने फार कच्चा आधार आहे, कारण बघ, आपण आकृती काढली होती, त्यात वरून येणारा बाण... तिने सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. आजाऱ्याकडे बघतात तसं. मी बाण अर्धाच सोडला.

मला राग आलाय. तिचा, कोयमनचा, त्या टायरवाल्याचा. आणि खरं सांगायचं, इथे कोण वाचतंय, देवाचाही. मी त्याच्या दारात आयुष्यभर बसून आहे, नियम पाठ करून. आणि तो मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरला.

१७ मार्च, रविवार

मेजानंतरच्या रविवारचा उपकारस्तुतीचा उपदेश. बाकावर रिका कडेला बसली, मी आत. काही बायका येऊन तिचा हात धरून गेल्या. माझ्याशी लोक हवामानाबद्दल बोलले. "यंदा बर्फ लवकर वितळणार वाटतं, मरिनस." हो, म्हटलं.

ती उपदेशात पेंगली नाही. मी पेंगलो.

२० मार्च, बुधवार. सकाळी

रिका मिसेस परेरांकडे गेली होती. घरात कोणी नाही. म्हटलं, प्रार्थना करू, आणि ह्या वेळी देवापुढे प्रकरण व्यवस्थित मांडू. खुर्चीला टेकून गुडघ्यांवर आलो. हे सार्वभौम देवा, तुझ्या अनादि संकल्पानुसार, असं सुरू केलं. पुढचं येईना. पुन्हा सुरू केलं. तेच. चाळीस वर्षं तोंडपाठ असलेलं सगळं कुठे गेलं कोण जाणे. नुसताच बसलो.

मग तोंडातून निघालं, "मला पण."

एवढंच. कोणाला म्हणालो ते मला माहीत होतं. रडू आलं, मोठ्याने, नाक वाहायला लागलं, रुमालही सापडेना. किती वेळ तसा होतो सांगता येत नाही. त्या वेळात मला कोयमन आठवले नाहीत, मंडळी आठवली नाही, मार्च की जून हेही आठवलं नाही. रिकाचा रागही नव्हता. मी तिथे होतो आणि मी एकटा नव्हतो, एवढंच लिहू शकतो.

मग आठवलं. मनात आलं, दोन शब्दांची प्रार्थना! इतकी नम्र प्रार्थना आपल्या मंडळीत आजवर कोणी केली नसेल. एल्डरांना सांगायला हवी. कशी सांगावी? "मी फक्त म्हणालो" इथे जरा थांबावं, आवाज खाली आणावा, आणि मग ते दोन शब्द. रडण्याचं सांगावं, नाकाचं नको. कुठे थांबायचं ते नक्की केलं. एकदा म्हणून पाहिलं.

आणि ते गेलं. काय गेलं ते सांगता येत नाही, पण जाताना कळलं.

पुन्हा म्हटलं, मला पण. पुन्हा म्हटलं, हळू. खुर्चीची लाकडी कड कपाळाला टोचत होती.

दार वाजलं, रिका आली. कोट न काढताच माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "मरिनस? काय झालं रे?"

"काही नाही," म्हणालो. इतकं खरं मी तिच्याशी बऱ्याच दिवसांत बोललो नव्हतो.